दोन, तीन, चार आणि मग आरोळी

पावसाची रिपरिप आणि शाळांच्या फुटबॉल मॅची आपल्याकडं बरोबरच सुरू होतात, आणि बहुतेक त्यामुळंच असेल, या वेळी आलेली पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज बघितले तर बरेचसे त्या एकाच टाळीबद्दल आहेत. म्हणून तबल्याचे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत, रागावू नका, या वेळी टाळीचंच बोलू. कुठली टाळी ते ज्यांच्या लक्षात आलं नाही त्यांनी एकदा हातावर वाजवून बघा: टा ऽ टा ऽ, टाटाटा ऽ, टाटाटाटा, लेट्स ऽ गो ऽ. आलं ना ध्यानात? टीव्हीवर, मैदानावर, मॅच जिंकून येणाऱ्या पोरांच्या गाडीच्या हॉर्नवर, सगळीकडं ऐकलेली असणार.

प्रश्न : माझा नातू सहावीत आहे. शाळेची मॅच बघून आल्यापासनं जेवायला बसला की ताटावर, दप्तरावर, दारावर तोच ठेका वाजवूलालाय. आधी दोन, मग तीन, मग चार आणि शेवटी लेट्स गो म्हणून ओरडतोय. कुठनं शिकलास म्हणून विचारलं तर म्हणतो आज्जी सगळ्यांना येतंय हे. खरंच, कुठनं आलंय हे आमच्या घरात?
— एक आज्जी, वडगाव

अक्का, नातू म्हणतोय ते खरं आहे, सगळ्यांना येतंय, पण सगळ्यांना यायच्या आधी ते एका रेकॉर्डवर होतं. अमेरिकेत लॉस एंजलिसला 'द राउटर्स' नावाचा एक बँड होता, त्यांची 'लेट्स गो' नावाची रेकॉर्ड १९६२ साली आली. त्यात गाण्याचे शब्द असे नाहीतच जवळजवळ, गिटार-ड्रमचं वाजवणं, त्यात ही टाळी आणि टाळी संपली की सगळ्यांनी मिळून लेट्स गो म्हणायचं. नावात कंसात 'पोनी' असं पण होतं कारण तेव्हा तिकडं त्या नावाचा एक नाच चालायचा. रेकॉर्ड चालली, आणि त्याच दशकात इंग्लंडच्या फुटबॉल मैदानांवर उभं राहून मॅच बघणाऱ्या लोकांनी ती टाळी उचलली, लेट्स गोच्या जागी आपल्या क्लबचं नाहीतर आवडत्या खेळाडूचं नाव घातलं आणि मग ती तिथनं जगभर गेली. १९६६ मध्ये इंग्लंडच्याच एका बँडनं, डेव्ह डी आणि त्याच्या साथीदारांनी, 'होल्ड टाइट' नावाच्या गाण्यात तोच ठेका घेतला, १९७९ मध्ये 'द कार्स' नावाच्या अमेरिकन बँडच्या गाण्यात परत तीच टाळी आली. म्हणजे रेकॉर्डवरनं मैदानावर आणि मैदानावरनं परत रेकॉर्डवर, असं येणंजाणं चालूच राहिलं.

पण अक्का, मला त्यातलं खरं नवल दुसरंच वाटतं. १९६२ ची रेकॉर्ड तुमच्या नातवानं ऐकलेली नाही, त्याच्या सरांनी ऐकलेली नसेल, आणि तरी वडगावातल्या ताटावर ती जशीच्या तशी वाजूलालीय, एक टाळी इकडची तिकडं नाही. गाणी साठ वर्षांत बदलतात, शब्द विसरतात, चाली वाकड्या होतात. ही टाळी का बिघडली नाही ते पुढच्या उत्तरात सांगतो. आणि ताट काढून घ्या त्याच्या हातनं, मांडी दाखवा, मांडीवर आवाज चांगला येतो आणि ताटाला पोचे पडत नाहीत.

प्रश्न : सर, मी तुमच्या कॉलमचा जुना वाचक. आमच्या भजनी मंडळात चर्चा झाली की ही टाळी मोजली तर बरोबर सोळा मात्रा, म्हणजे मोजायच्या सारख्या सोळा जागा, होतात आणि चार-चारचे चार खंड पडतात, म्हणजे हा आपला तबल्यातला तीनतालच झाला की. इंग्रज इथं होते, बेळगावात कँटोन्मेंट होतं, इथनंच ऐकून नेलं असणार. मंडळातल्या सगळ्यांचं मत पडलंय, तुम्ही फक्त हो म्हणा.
— एक टाळकरी, येळ्ळूर

अण्णा, मोजणी तुमची एकदम बरोबर आहे आणि ती मोजलीत याचा मला फार आनंद झाला, पण हो म्हणता येणार नाही. सोळा मात्रा आहेत म्हणून तीनताल होत नाही. सोळा ही चालायला सोपी संख्या आहे, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा, माणूस दोन पायांवर चालतो त्यामुळं जगात बऱ्याच ठिकाणी लोकं चार-आठ-सोळा अशी मोजताना दिसतील.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. तीनतालात टाळी कुठं आहे? पहिल्या मात्रेला, पाचव्याला आणि तेराव्याला. आणि 'खाली', म्हणजे टाळी न देता हात उलटा करून दाखवायची जागा, नवव्याला. मैदानातल्या टाळीत बघा: पहिल्या खंडात दोन टाळ्या आणि दोन जागा रिकाम्या, दुसऱ्या खंडात तीन टाळ्या आणि एक जागा रिकामी, तिसऱ्या खंडात चारीच्या चार टाळ्या, रिकामं काहीच नाही, आणि चौथ्या खंडात टाळीच नाही, नुसता आवाज. म्हणजे नवव्या मात्रेला, जिथं आपण हात उलटा करून खाली दाखवतो, तिथं ही टाळी सगळ्यात दाट आहे, आणि तेराव्याला जिथं आपण टाळी देतो तिथं त्यांचे हात थांबलेत. बरोबर उलटं. असं उलटं घराणं एकमेकांचं नातेवाईक कसं असणार? आणि ज्या माणसांनी ते केलं त्यांचं त्यांच्याकडंच राहूदे. येळ्ळूरच्या भजनाचं मोठेपण सांगायला लॉस एंजलिसची टाळी आपल्या नावावर करायची गरज नाही.

पण तुम्ही खंड पाडलेत त्यामुळं एक गोष्ट दिसली ती मात्र सोडू नका. टाळ्या वाढत जातात, दोन, तीन, चार. रिकाम्या जागा कमी होत जातात, दोन, एक, शून्य. आणि शून्य झालं की तोंड उघडतं. यात पाठ करायला काय राहिलं? काहीच नाही. तीन झाल्या की पुढं चार येणार हे तीन वर्षाच्या पोराला कळतं. कुणी मधेच आला, उशिरा आला, त्याला एका फेरीत कळतं आपण कुठं आहोत. टाळी स्वतःच आपला पत्ता सांगते. साठ वर्षं ती न बिघडता आली ती त्यामुळं असं मला वाटतं. आपल्याकडं ताल शिकवताना मी नेहमी सांगतो की टाळी पाठ करू नका, खाली पाठ करा, टाळी आपोआप येते. तीच गोष्ट तिथं आहे, पण त्यांची ती त्यांची आणि आपली ती आपली.

प्रश्न : आम्ही निपाणीत टेनिस बॉल क्रिकेटची टुर्नामेंट भरवतो. यंदा आमच्या गल्लीतली तीस-चाळीस पोरं ठरवून एका बाजूला बसवली, ही टाळी मारायची म्हणून. पहिल्या दोन-तीन वेळा झक्कास झाली, मग सुसाट पळायला लागली, शेवटी नुसता पाऊस पडल्यासारखा आवाज, लेट्स गो कोण आधी म्हणतंय कोण नंतर. दर वेळी असंच. पोरांना सांगतो जोरात मारा जोरात मारा, तरी जमत नाही. काय चुकतंय?
— एक आयोजक, निपाणी

दादा, चुकतंय ते तुम्हीच लिहिलंय, 'जोरात मारा'. जोर लावला की हात लांबनं येतो, लांबनं आला की उशीर होईल म्हणून माणूस घाईनं निघतो, आणि शेजाऱ्याची घाई बघून आपणपण घाई करतो. एकेक फेरी अशी थोडी थोडी आखडत जाते. माझ्या क्लासमधली पोरंपण कायद्याला, म्हणजे तबल्याच्या बोलांच्या ठरलेल्या रचनेला, जोर आला की पळतात, वेगळं काही नाही.

यावर खरंच अभ्यास झालेला आहे. झोल्टान नेदा नावाचे एक शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुमानिया आणि हंगेरीतल्या थिएटरमध्ये टाळ्यांचं रेकॉर्डिंग करून २००० साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात ते छापलं. तिकडं नाटक-कॉन्सर्ट संपली की प्रेक्षक आधी नुसता कडकडाट करतात आणि मग हळूहळू सगळे एका ठेक्यात येतात. त्यांना काय दिसलं तर ठेक्यात यायच्या आधी प्रत्येक माणूस आपला वेग जवळजवळ निम्म्यावर आणतो, तेव्हा कुठं सगळ्यांचं जुळतं. पण वेग निम्मा झाला म्हणजे एकूण आवाजही कमी झाला, मग लोकांना वाटतं अजून जोरात कौतुक करावं, ते वेग वाढवतात आणि वेग वाढला की जुळलेलं परत मोडतं. म्हणजे एकत्र राहायचं आणि आवाज पण जास्तीत जास्त काढायचा, दोन्ही एका वेळी होत नाही. तुमच्या निपाणीच्या पोरांचं नेमकं हेच होऊलालंय.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे सुरुवातच सावकाश करा, तुम्हाला वाटतं त्याच्यापेक्षा सावकाश. पूर्ण एक फेरी साधारण चार सेकंदात बसली पाहिजे, एका खंडाला एक सेकंद, मोबाईलमधल्या घड्याळाचा सेकंद काटा लावून घरी बसून प्रॅक्टिस करा. दुसरं, रिकाम्या जागा सांभाळायला शिकवा. पहिल्या खंडात दोन टाळ्यांच्या मधे जी जागा आहे तिथं पोरं नुसती थांबतात, थांबलेल्या माणसाला वेळ लांब वाटते आणि तो लवकर सुटतो. म्हणून ती जागा हातानं भरायची, आवाजानं नाही. आपण ताल मोजताना खालीला हात बाजूला उलगडतो ना तसं. टाळी, उलगड, टाळी, उलगड, टाळी टाळी टाळी उलगड, टाळी टाळी टाळी टाळी, आणि मग हात वर करून आरोळी. हात उलगडायला आणि परत यायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, त्यामुळं पळता येत नाही. माझ्याकडं लहान पोरांना मी असंच शिकवतो, बोलून समजत नाही ते हातानं समजतं. तिसरं, तिसरा खंड. टाळी पळते ती इथंच, चार टाळ्यांत मधे श्वास नाही म्हणून. तिथं जोर अर्धा करायला सांगा, चारी टाळ्या हलक्या, आणि सगळा जोर आरोळीसाठी राखून ठेवा. ऐकणाऱ्याला उलट जास्त जोरदार वाटतं.

आणि पन्नास माणसांच्या वर गर्दी असेल तर एक ढोल नाहीतर एक ताशा मधोमध बसवा. कडेला नाही, मधोमध. तो का, ते खालच्या प्रश्नात येतंय.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगला आहे. मैदानाच्या या बाजूला आम्ही आणि समोरच्या बाजूला आमच्याच कॉलेजचे ज्युनिअर होते, दोघांनी मिळून ही टाळी मारायची ठरली होती, पण ते कायम मागं पडत होते. मॅच संपल्यावर भांडण झालं तर ते म्हणतात तुम्हीच मागं होता. व्हिडिओ दोन्हीकडनं काढलाय, आमच्या व्हिडिओत ते लेट, त्यांच्या व्हिडिओत आम्ही लेट. कसं काय?
— एक विद्यार्थी, खानापूर

दोघंही खरं बोलूलालाय, भांडण मिटवा आधी. आवाज हवेतनं सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदान दीडशे मीटर धरलं तर समोरच्याची टाळी तुझ्या कानात यायला ०.४४ सेकंद. आता वर निपाणीच्या दादांना सांगितलेला वेग घे, सोळा मात्रांना चार सेकंद, म्हणजे एक मात्रा पाव सेकंदाची. ०.४४ सेकंद म्हणजे पावणेदोन मात्रा झाली की! समोरचे अगदी बरोबर वेळेवर टाळी मारत असले तरी तुझ्या कानाला ते पावणेदोन मात्रा मागंच ऐकू येणार, आणि त्यांच्या कानाला तू. तू इंजिनिअर होणार आहेस, व्हिडिओत आवाज बंद करून नुसते हात बघ, मग कोण लेट होतं ते खरं कळेल.

म्हणून मोठ्या मैदानावर कानाच्या भरवशावर राहायचं नाही, डोळ्यांनी ठेका घ्यायचा. उजेडाला वेळ लागत नाही. समोरच्यांचे उलगडलेले हात दिसले पाहिजेत, आणि ढोल मधे पाहिजे म्हणजे दोन्ही बाजूंना तो सारखाच उशिरा पोचतो, दोघंही सारखेच मागं, म्हणजे एकत्रच. आपल्याकडं गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाचं पथक लांबलचक असतं तेव्हा पुढचा माणूस हात वर करून इशारा देतो, तो काही शोभेला देत नाही. मागच्या रांगेनं कानावर विश्वास ठेवला तर पथक मधनं फाटतं.

प्रश्न : फुटबॉलमधली ती दोन्ही हात वर पसरून मारायची टाळी, मधे एकदम शांतता असते आणि मग हूह करून ओरडतात, ती पण याच्यातलीच का?
— एक वाचक, टिळकवाडी

नाही, ती आइसलँडची म्हणून प्रसिद्ध झाली. २०१६ च्या युरो कपात तिकडचे प्रेक्षक ती करायचे. आइसलँडची सगळ्या देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वातीन-साडेतीन लाखाच्या आसपास, आपल्या एकट्या बेळगाव शहरापेक्षा कमी, आणि त्यांनी २७ जूनला फ्रान्समध्ये नीस शहरात इंग्लंडला २-१ असं हरवलं. मॅचनंतर खेळाडू प्रेक्षकांसमोर उभे राहून त्यांच्याबरोबर टाळी मारतात ते मी टीव्हीवर बघितलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच सांगतो. ढोलाचे दोन ठोके, मग एक टाळी आणि हूह, मग लांब शांतता. परत. परत. आणि शांतता हळूहळू आखडत जाते, शेवटी कडकडाट. पुढच्या मॅचला फ्रान्सनं त्यांना ५-२ नं हरवलं पण टाळी राहिली.

तबलजी म्हणून मला त्यातलं काय भावतं तर हजारो माणसं एका वेळी गप्प बसतात. ओरडायला हजारो माणसं कुठंबी मिळतील. एवढ्या मोठ्या गर्दीला दोन-दोन सेकंद गप्प ठेवणं किती अवघड आहे ते ज्यानं कधी कार्यक्रमात माईक हातात धरलाय त्याला विचारा. आणि हात वर पसरलेले असतात ते बघा, खानापूरच्या मुलाला सांगितलं तेच, लांबच्या माणसाला शांतता डोळ्यांनी दिसते.

प्रश्न : गॅदरिंगला आमच्या शाळेतली मुलं दोनदा पाय आपटून एक टाळी मारतात, धप धप टाळी, धप धप टाळी. हे पण त्याच रेकॉर्डमधलं का?
— एक शिक्षिका, हिंडलगा

हे वेगळं आहे मॅडम. ते 'क्वीन' या इंग्लिश बँडचं, 'वी विल रॉक यू', १९७७ सालचं, ब्रायन मे यांनी लिहिलेलं. त्या वर्षी इंग्लंडमध्ये स्टॅफर्डला बिंगली हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला तेव्हा प्रेक्षक स्वतःच गायला लागले, थांबेनात, त्यावरनं मे यांच्या मनात आलं की दाटीवाटीनं उभ्या असलेल्या माणसांना एकत्र काय करता येईल? पाय आपटता येईल, टाळी मारता येईल, गाता येईल. बास, त्यातनं हे आलं. मे पुढं खगोलशास्त्रात पीएचडी झाले, २००७ मध्ये. तुमच्या मुलांना हे जरूर सांगा, गाणं आणि गणित दोन्ही एका माणसाला येऊ शकतं. आणि टाळीनंतर जी जागा सुटते, धप धप टाळी ऽ, ती जागा मुलं खाणार नाहीत एवढं बघा.

प्रश्न : कुस्तीच्या मैदानात ही टाळी आणली तर? तरुण पोरं येतील. आमच्यात दोन मतं पडलीत.
— एक कुस्तीशौकीन, शहापूर

माझं मत स्पष्ट आहे, आणू नका. मी लहानपणापासनं आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघत आलोय आणि तिथली हलगी ही नुसती साथ नव्हे. हलगीवाला पैलवानाकडं बघत असतो. जोड लागली की ठेका संथ, पकड बसली की तो दाबतो, पट काढला की चढतो, चितपट झाली की फुटतो. त्याचा ठेका कुस्तीतनं येतो. ही मैदानाची टाळी वेगळी, ती आधीच ठरलेली आहे, सोळा मात्रा, आत काय चाललंय त्याच्याशी तिचा संबंध नाही. फुटबॉलमध्ये दीड तास बॉल इकडनं तिकडं जातो, तिथं प्रेक्षकांना एकत्र बांधायला अशी टाळी लागते. कुस्तीत दोन माणसं श्वास रोखून उभी असतात, लोक पण रोखून असतात, आणि त्या शांततेत पैलवानानं ठोकलेला शड्डू सगळ्या मैदानाला ऐकू जातो. त्यावर चाळीस पोरांनी लेट्स गो केलं तर शड्डूचं काय राहिलं? तरुण पोरं यायला पाहिजेत हे मात्र शंभर टक्के मान्य. त्यांना हलगी शिकवा. हलगी वाजवणारे हात आता कमी होऊलालेत, ती काळजी मला जास्त आहे.

प्रश्न : आमच्या टीममध्ये मराठी पोरं आहेत, कन्नड पोरं आहेत, दोन-तीन कोकणी बोलणारे. टाळी सगळे मिळून मारतो पण शेवटी लेट्स गो नको वाटतं, आपलं काहीतरी पाहिजे. काय घालू?
— एक कॅप्टन, अनगोळ

चार मात्रांत काय बसतंय ते बघ. लेट्स ऽ गो ऽ, म्हणजे दोन अक्षरं आणि दोन्ही लांब ओढता येणारी. म्हणून दोन अक्षरी शब्द सगळ्यात बरा. क्रिकेट असेल तर 'मारा' बसतं, मा ऽ रा ऽ, आणि कन्नड पोरं तसंही बॅट्समनला 'होडी होडी' म्हणतातच, हो ऽ डी ऽ ते पण तसंच बसतं, अर्थ पण तोच. एक फेरी मारा, दुसरी फेरी होडी, असं आलटून पालटून घ्या. मी स्वतः हातावर करून बघितलं, फार छान जातंय. बेळगाव म्हणायचं असेल तर बेळ ऽ गाव ऽ, मधला ळ घट्ट धरायचा. अनगोळ तीन तुकड्यांत जातं, अन ऽ गो ळ, चालेल पण शेवटचा ळ हवेत जातो, लांबच्याला 'अनगो' एवढंच ऐकू येईल. खेळाडूचं नाव घालायचं तर दोन अक्षरीच निवडा. आणि नाव कुणाचं घालायचं यावरनं रुसवेफुगवे होतात तेव्हा पहिलं गोलकीपरचं घाला, त्याचं नाव कुणी घेत नाही.

प्रश्न : टाळीचा आवाज मोठा येत नाही, हात लाल होतात.
— एक वाचक, सांबरा

तळव्यावर तळवा सपाट आपटू नका. एका हाताची बोटं जुळवून दुसऱ्या हाताच्या तळव्यावर मारा, आवाज टणक येतो आणि लांब जातो. दोन्ही हात वाटीसारखे केले तर खोल, ढोलासारखा येतो, तो जवळच्यांना छान वाटतो. अंगठ्या काढून ठेवा.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. क्रीडा स्पर्धेसाठी तिसरी-चौथीच्या मुलांना ही टाळी शिकवायची आहे. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, त्याला फार कमी ऐकू येतं. बाकीची मुलं टाळ्या मारतात तेव्हा तो बाजूला बसतो, मला बघवत नाही. त्याला घेता येईल का?
— एक बाई, कडोली परिसर

बाई, येईल, आणि अवघड अजिबात नाही. वर जे दोन-तीनदा लिहिलं की मोठ्या मैदानावर कान कामाचा नाही, हात बघून ठेका घ्यायचा, ते या मुलासाठी पण तसंच आहे, त्याला ते आधीपासनंच येत असणार, तो दिवसभर बघूनच समजून घेतो.

असं करा. मुलांना गोल उभं करा, रांगेत नको, म्हणजे त्याला सगळ्यांचे हात दिसतील. पहिले दोन दिवस कुणीच टाळी वाजवायची नाही, नुसते हात. जवळ, उलगड, जवळ, उलगड. जवळ जवळ जवळ उलगड. जवळ चार वेळा. आणि चौथ्या खंडाला सगळ्यांनी दोन्ही हात वर. आवाज न करता सगळा वर्ग सोळा मात्रा एकत्र गेला की समजा झालं, मग आवाज घाला. वर्गात लाकडी बाक असेल तर त्याला बाकावर तळवा टेकवून उभा करा आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला बोटांनी ठेका द्या, लाकडातनं त्याच्या हाताला कळतं. माझ्या तबल्याच्या क्लासला पण मी नवीन मुलांना डग्ग्यावर हात ठेवायला लावतो, आधी हाताला कळूदे म्हणून.

आणि एक विनंती आहे. स्पर्धेच्या दिवशी त्याला कडेला नका उभा करू, मधे करा आणि बाकीच्यांना सांगा की त्याच्या हाताकडं बघून सुरू करायचं. तो गर्दीच्या आवाजानं पळणार नाही, निपाणीच्या पोरांसारखं त्याचं होणार नाही, त्यामुळं ठेका धरायला सगळ्या वर्गात त्याच्यापेक्षा चांगला मुलगा तुम्हाला मिळायचा नाही. स्पर्धा झाली की दोन ओळी लिहून पाठवा, मी वाट बघतोय.